उतरंडीतले एक मडके

मराठीत ‘बॅटरी’ या शब्दाची मोठी गंमत आहे. काळोखात वाट दाखवणारे हातातले जे नळकांडे, त्याला आपण बॅटरी म्हणतो आणि त्याच्या पोटात जे घालायचे, त्याला सेल. ‘बॅटरीतले सेल संपलेत, येताना घेऊन या,’ हे वाक्य ज्या घरात कधी उच्चारले गेले नाही, असे घर विरळा. तंत्रनिकेतनात विद्युत अभियांत्रिकी शिकवताना मी मुलांना सांगत असे, की आपल्या आजीचे हे मराठी शास्त्राला धरूनच आहे. सेल म्हणजे एकटा घटक. बॅटरी म्हणजे अशा घटकांची तुकडी. मुळात हा शब्द तोफखान्यातला. ओळीने मांडलेल्या तोफांना बॅटरी म्हणत. बेंजामिन फ्रँकलिनने १७४९ मध्ये तो विद्युतभार साठवणाऱ्या काचेच्या तावदानांच्या रांगेला लावला. पुढे १८०० मध्ये इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टाने जस्ताच्या आणि चांदीच्या चकत्या घेतल्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे घातले आणि एकावर एक चळत रचून अखंड वीजप्रवाह देणारी पहिली बॅटरी तयार केली.

‘रचून’ हा इथला महत्त्वाचा शब्द. जे रचता येते, ते उतरवताही येते. तीन सेलच्या बॅटरीचा उजेड पिवळा पडला, की आपण काय करत होतो? मागचे झाकण फिरवून सेल बाहेर काढायचे, एकेक पाहायचा, पाणी सुटलेला फेकून द्यायचा आणि उरलेले दोन ट्रान्झिस्टरला लावायचे. आजही मुलाच्या खेळण्यात थकलेला पेन्सिल सेल भिंतीवरच्या घड्याळात आणखी काही महिने काढतो. कोणाला कुठे बसवायचे, कोणाला निवृत्त करायचे आणि निवृत्तालाही कोणते हलके काम द्यायचे, हे व्यवस्थापन आपल्या घरात कोणी शिकवावे लागले नाही.

आज त्याच घराच्या जिन्याखाली विजेवर चालणारी सायकल उभी असते. तिच्या दांड्यावरची काळी पेटी हीदेखील सेलचीच तुकडी. पण या पेटीला फिरवायचे झाकण नाही. ती बिघडली, की ‘पूर्ण बदला’ एवढेच उत्तर मिळते. हे उत्तर अटळ आहे का, हा आजच्या लेखाचा प्रश्न आहे.

बावन्न पानांत एक पान फाटके

आमच्या पुण्यातल्या वस्तीत पोळीभाजीचे डबे पोचवणाऱ्या एक बाई आहेत. सकाळच्या पाळीत वीस-बावीस घरे. त्यांनी हप्त्यावर विजेची सायकल घेतली, तेव्हा ती एका भरणात पस्तीस किलोमीटर जायची. सव्वा वर्षात ते अंतर आठ किलोमीटरवर आले. दुकानदाराने पेटी उघडलीसुद्धा नाही. “काका, ते म्हणतात चौदा हजार भरा, नवी बॅटरी लावून देतो. सायकलच बत्तीस हजारांची. हप्ते अजून फिटले नाहीत,” त्या म्हणाल्या. चौदा हजार म्हणजे त्यांच्या दीड महिन्याची कमाई.

माझा एक जुना विद्यार्थी इन्व्हर्टर आणि बॅटरी दुरुस्तीचे दुकान चालवतो. त्याच्याकडे ती पेटी आम्ही उघडली. आत बावन्न सेल होते, पत्त्यांच्या कॅटाइतके. मोजणी झाली, तेव्हा अठ्ठेचाळीस सेल ठणठणीत निघाले. उरलेल्या चारांच्या गटातही खरा दोषी एकच होता. बाकीचे तिघे त्याच्या संगतीने पडले होते. एका पानासाठी अख्खा कॅट टाकून द्यायला निघालेला हा व्यवहार होता.

असे का होते, ते समजण्यासाठी थोडे आत शिरावे लागेल. वाचकांनी घाबरू नये. उतरंड पाहिलेल्या कोणालाही हे कळेल.

सायकलीच्या पेटीत बहुधा ‘१८६५०’ या नावाचे सेल असतात. नाव म्हणजे मापच आहे: व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. वजन पन्नास ग्रॅमच्या आत. सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन सेल पहिल्यांदा बाजारात आणला. त्यामागचे मूलभूत काम करणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. लॅपटॉपमध्ये हेच सेल असत. टेस्लाने २००८ मध्ये रस्त्यावर आणलेल्या पहिल्या मोटारीत असे ६,८३१ सेल होते.

असा एक सेल साधारण ३.६ व्होल्ट देतो. सायकलीला हवे असतात ४८. मग काय करायचे? मडक्यावर मडके चढवले, की उतरंडीची उंची वाढते. तसे सेल एकापुढे एक जोडले, की व्होल्टेज वाढते. याला सिरीज म्हणतात. तेरा सेलचे होतात ४६.८ व्होल्ट, आणि बाजार त्याला ढोबळमानाने ४८ म्हणतो. पण मडकी शेजारी शेजारी ठेवून तळाशी नळीने जोडली, तर उंची तेवढीच राहते, पाणी मात्र जास्त मावते. हे पॅरलल. तीन अँपिअर-तासांचे चार सेल असे जोडले, की बारा अँपिअर-तास मिळतात. तेरा मजले आणि प्रत्येक मजल्यावर चार मडकी, म्हणजे झाले बावन्न. एकूण साठा सुमारे ५६० वॅट-तास. पायडल मारत गेले, तर एका किलोमीटरला दहा ते पंधरा वॅट-तास लागतात. यावरून सायकल किती जाईल, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आता एका मजल्यावरचे एक मडके झिरपू लागले, तर? त्याच्या शेजारची तिन्ही त्याला नळीने जोडलेली. त्यांचेही पाणी त्याच वाटेने जाते. तो मजला इतरांच्या आधी रिकामा होतो. पेटीत एक पहारेकरी बसवलेला असतो, बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे बीएमएस. प्रत्येक मजल्याचे व्होल्टेज तो तपासत असतो. भरताना कोणी ४.२ च्या वर गेला किंवा वापरताना कोणी ३ च्या बराच खाली उतरला, की तो मुख्य प्रवाहच तोडतो. बारा मजल्यांवर पाणी आहे, पण तेराव्यावर नाही, म्हणून सायकल थांबते. बैलजोडीतला एक बैल बसला, की दुसरा कितीही तगडा असो, गाडी जागची हलत नाही.

पेटी बंद का असते?

कारखानदार हे मुद्दाम करतो, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्याची बाजूही ऐकली पाहिजे. सेल एकमेकांना जोडण्यासाठी निकेलच्या पातळ पट्ट्या असतात आणि त्या सेलच्या टोकांवर स्पॉट वेल्डिंगने चिकटवलेल्या असतात. हे काम झटपट आणि स्वस्तात होते आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर हादरे बसले तरी सांधा सुटत नाही. त्यावर काही जण चिकट रसायन ओततात. पाणी आत जात नाही, सेल हलत नाहीत. सुरक्षेच्या दृष्टीने हे सारे समर्थनीय आहे.

पण यात दुरुस्तीची वाट बंद होते. वेल्ड केलेली पट्टी उपटताना सेलचे टोक फाटण्याची भीती असते. म्हणूनच दुकानदार पेटीला हात लावत नाही, आणि एकावन्न चांगले सेल भंगारात जातात. लिथियम, निकेल, कोबाल्ट ही खाणीतून मोठ्या कष्टाने काढलेली द्रव्ये. भंगारात ती जातात तीही धडपणे नाही; कचऱ्याच्या गाडीत चेपलेला असा सेल पेट घेऊ शकतो.

विटांची बॅटरी

आमच्यापुढे दोन मार्ग होते. पहिला, सेल वेल्ड न करता दाबून बसवायचे. जसे बॅटरीच्या नळकांड्यात स्प्रिंग सेलला दाबून धरते, तसेच. फ्रान्समधल्या बोर्दो शहरातील गुआश या कंपनीने सायकलींसाठी अशीच पेटी तयार केली आहे. वेल्डिंग नाही, पेचकसाने उघडायची आणि नेमका आजारी सेल बदलायचा. कल्पना सुंदर आहे, पण तिचा प्राण दाबात आहे. दाब सैल झाला, की सांध्याचा रोध वाढतो, आणि रोधातून प्रवाह गेला, की उष्णता होते. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पंधरा अँपिअरच्या वाटेवर ०.०२ ओहम एवढा क्षुल्लक रोध असला, तरी पंधराचा वर्ग सव्वादोनशे गुणिले ०.०२, म्हणजे साडेचार वॅट उष्णता एका ठिपक्याएवढ्या जागी. बंदिस्त पेटीत प्लॅस्टिक वितळवायला ती पुरे. हौसेखातर घरी दाबाच्या सांध्यांची पेटी करणाऱ्यांनी हा गुणाकार आधी भिंतीवर लिहून ठेवावा.

दुसरा मार्ग मधला. चार सेलचा एक मजला ही एक वीट समजायची. विटेच्या आत सेल वेल्ड केलेलेच राहतील, पण प्रत्येक सेलच्या वाटेत एक बारीक फ्यूज तार असेल; सेल आतून शॉर्ट झाला, तर तार वितळून तो शेजाऱ्यांपासून तुटेल. विटा मात्र एकमेकींना तांब्याच्या पट्टीने आणि बोल्टने जोडायच्या. प्रत्येक बोल्टला स्प्रिंग वॉशर, आणि आवळल्यावर त्यावर रंगाची एक रेघ. रेघ सरकलेली दिसली, की बोल्ट सैल झाला असे समजायचे. बीएमएसच्या बारीक तारा प्लगने लावायच्या, म्हणजे वीट काढताना डाग द्यावा लागत नाही.

आम्ही हाच मार्ग धरला. माझ्या विद्यार्थ्याने तीन दिवस खपून त्या बाईंची पेटी तेरा विटांची केली. त्या चार सेलच्या जागी जुन्यांच्या क्षमतेशी जुळणारे चार आणले. खर्च आला साडेतीन हजार, त्यातही निम्मी मजुरी. पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुमारास सातवी वीट इतरांच्या मागे पडू लागली. त्या वेळी काम होते फक्त वीस मिनिटांचे. बाई दुकानात चहा पीत बसल्या आणि त्याच सायकलीवरून डबे घेऊन गेल्या.

तीन पथ्ये

हे वाचून एखादा उत्साही वाचक रविवारची दुपार साधून पेटी उघडायला बसेल, म्हणून इथेच थांबून स्पष्ट सांगतो. टॉर्चमधला सेल चुकला तर दिवा लागत नाही. लिथियमचा सेल चुकला तर घर पेटते. एकदा का तो आतून तापू लागला, की ती उष्णता पुढच्या रासायनिक क्रियेला चेतवते, तिने आणखी उष्णता होते, आणि शेजारचे सेलही त्यात ओढले जातात. म्हणून जाणकारानेही तीन पथ्ये मोडू नयेत.

पहिले, शेजारी जोडायच्या सेलचे व्होल्टेज आधी सारखे करून घ्यावे. एक ४.१ वर आणि दुसरा ३.५ वर असताना जोडले, तर फरक फक्त ०.६ व्होल्टचा दिसतो. पण दोन्ही सेलचा मिळून अंतर्गत रोध ०.०६ ओहम धरला, तर दहा अँपिअरचा लोंढा एका सेलमधून दुसऱ्यात घुसतो. एवढ्या वेगाने भरून घेण्यासाठी तो सेल बनलेला नसतो.

दुसरे, मजल्यांची संख्या, बीएमएस आणि चार्जर या तिघांची कुंडली जुळलीच पाहिजे. विटांची पेटी पुन्हा वेगळी रचता येते, हे तिचे वैशिष्ट्य. तेरा विटा काढून दहाच लावल्या, की ३६ व्होल्टच्या सायकलीला चालेल अशी बॅटरी होते. पण तिला जुनाच ५४.६ व्होल्टचा चार्जर लावला, तर प्रत्येक मजल्याच्या वाट्याला ४.२ ऐवजी ५.४६ व्होल्ट येतात. मग आगीच्या आणि तुमच्या मध्ये उरतो एकटा बीएमएस, आणि तोही तेरा मजल्यांचाच असला तर त्याचाही भरवसा नाही. रचना बदलली, की चार्जर आणि पहारेकरी दोन्ही बदलायचे आणि जुन्याचा प्लग नव्यात बसणारच नाही, असा वेगळा ठेवायचा.

तिसरे, सेल माहितीतला हवा. १८६५० मापाच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण साडेतीन अँपिअर-तासांपर्यंत जाते. बाजारात त्यावर ९९०० असा आकडा छापलेले रंगीत सेल मिळतात. तो आकडा सरळसरळ खोटा आहे. शिवाय, काम करताना अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवाव्यात. ४८ व्होल्टच्या दोन टोकांमध्ये बांगडी आली, तर ती क्षणात लाल होते.

दोन शहाण्या कायद्यांचे एकच सांगणे

ही भीती कागदी नाही. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. त्या वर्षीच्या अशा घटनांनंतर केंद्र सरकारने नोंदणी होणाऱ्या दुचाकींच्या बॅटरीचे निकष कडक केले. ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. पण २५० वॅटच्या आतली आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतच चालणारी पायडलची सायकल मोटार वाहनांच्या व्याख्येतच येत नाही. तिथे ग्राहकालाच डोळे उघडे ठेवावे लागतात.

न्यूयॉर्क शहरात २०२३ या एका वर्षात लिथियम-आयन बॅटरीच्या आगींनी अठरा माणसे मेली. घरोघर खाणे पोचवणारी मुले दाटीवाटीच्या इमारतींत सायकली ठेवत, तिथेच भरत. शहराने त्याच वर्षी कायदा केला, की वापरलेल्या बॅटऱ्यांतले सेल काढून त्यांची नवी बॅटरी जुळवायची नाही आणि विकायचीही नाही. उलट युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या बॅटरीविषयक नियमात म्हटले आहे, की सायकलींसारख्या हलक्या वाहनांची बॅटरी, इतकेच नव्हे तर तिच्यातले सुटे सेलही, कंपनीबाहेरच्या कुशल कारागिराला काढता आणि बदलता आले पाहिजेत. त्यासाठी १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख ठरवली आहे.

वरवर पाहता एक म्हणतो ‘उघडू नका’ आणि दुसरा म्हणतो ‘उघडता येईल अशीच करा’. माझ्या मते दोघांचे सांगणे एकच आहे. कोठून आला, किती झिजला हे माहीत नसलेला सेल अज्ञात हातांनी जोडणे हा गुन्हा. आणि माहितीतला सेल जाणत्या हातांनाही बदलता येऊ नये, ही उधळपट्टी. उघडता येणे आणि सुरक्षित असणे यांत वैर नाही. उघडायचे असेच ठरवून जी पेटी बनवली, तिच्यात फ्यूज कुठे, बोल्ट कुठे, तपासायची जागा कुठे, हे आधीच ठरलेले असते. बंद म्हणून बनवलेली पेटी कोणीतरी छिन्नी लावून उघडतोच; धोका तिथे खरा असतो.

थकलेल्या विटेचे काय?

विटांच्या रचनेचे आणखी दोन फायदे घरच्या हिशेबाचे आहेत. एक म्हणजे, बावन्न सेलच्या एका पेटीऐवजी सव्वीस-सव्वीसच्या दोन करता येतात, प्रत्येकीला स्वतःचा बीएमएस. रोजच्या बाजारहाटाला एक पुरे. सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचे असेल, तेव्हा दुसरी पिशवीत घ्यावी आणि एक संपल्यावर दुसरी लावावी.

दुसरा फायदा म्हणजे निवृत्तिवेतन. सायकलीच्या चढाला पुरी न पडणारी वीट निकामी नसते. तिच्यात मूळ क्षमतेच्या दोन-तृतीयांश जीव उरलेला असतो. एकसारख्या झिजलेल्या तीन विटा एकापुढे एक जोडल्या, योग्य बीएमएस लावला, की पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्ट मिळतात. वीज गेली असताना घरातला इंटरनेटचा डबा आणि अभ्यासापुरता एक एलईडी दिवा त्यावर सहा तास चालतो. फुगलेला, गळणारा किंवा न वापरताच उतरणारा सेल मात्र ठेवू नये. तो कचऱ्याच्या डब्यातही टाकू नये. देशात २०२२ पासून बॅटरी कचऱ्याचे नियम आहेत आणि जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. विक्रेत्याला ती आठवण ग्राहकाने करून द्यावी.

दुकानात विचारायचे प्रश्न

नवी सायकल घेताना आपण रंग विचारतो, वेग विचारतो, हप्ता विचारतो. त्यात आणखी चार प्रश्न घालावेत. पेटीत कोणत्या कंपनीचे, कोणत्या मापाचे किती सेल आहेत? एक गट गेला, तर तेवढाच बदलून मिळेल का, आणि कोणाकडे? बीएमएस तापमान पाहतो का? वॉरंटी किती वर्षांची, आणि ती लेखी आहे का? उत्तरे देताना दुकानदार अडखळला, तर समजावे, की त्याच्यापर्यंतही पेटी बंदच आली आहे. आणि घरी आल्यावर बॅटरी जिन्याखाली किंवा दाराशी भरू नये. आग लागली, तर बाहेर पडायची वाट तीच असते. सायकल चालवून आल्यावर पेटी थंड होऊ द्यावी आणि घरातले जागे असतानाच भरावी.

राहता राहिला प्रश्न, तो जाणता हात आणायचा कोठून? मला याची फारशी चिंता वाटत नाही. आपल्याकडे विहिरीवरची मोटार जळाली, तर शेतकरी ती फेकत नाही. महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी जा, एसटी स्टँडच्या आसपास मोटार रिवाइंडिंगचे दुकान असतेच. जळकी तार काढायची, वेढे मोजायचे, नवी तार भरायची, वार्निश द्यायचे. हे काम कोणत्याही कंपनीच्या कृपेने उभे राहिले नाही. मोटार उघडता येत होती, म्हणून ते उभे राहिले. मोटारीची पाटी वाचून किती व्होल्ट, किती अश्वशक्ती हे कळत होते, म्हणून ते टिकले.

बॅटरीच्या बाबतीत एवढ्याच दोन गोष्टी हव्या आहेत: उघडणारी पेटी आणि तिच्यावर खरे सांगणारी पाटी. त्या मिळाल्या, की आयटीआयमधून बाहेर पडलेली मुलेमुली मीटर आणि वेल्डर घेऊन बाकीचे काम उभे करतील. डबे पोचवणाऱ्या त्या बाईंनी मला एकदा विचारले होते, “काका, ही पेटी माझ्या मुलीला शिकता येईल का हो?” ती यंदा दहावीला आहे. मी म्हटले, “आधी उतरंड समजून घे म्हणावं. बाकीचं येतं.”